मनाचा कौल आणि वहीचा ताळा

जिल्ह्याच्या गावी शालेय गणवेश शिवणारा एक छोटा कारखानदार डोळ्यांसमोर आणावा. बारा शिलाई यंत्रे, तेवढेच कारागीर, बँकेचे कॅश क्रेडिट खाते आणि त्यापोटी तारण ठेवलेले राहते घर, असा त्याचा पसारा. एप्रिलच्या अखेरीस एक नवा व्यापारी त्याच्याकडे येतो आणि सहा लाख रुपयांच्या मालाची मागणी पुढे ठेवतो. दर चांगला आहे, शिलाईसाठी मुदतही पुरेशी आहे. पैसे मात्र माल पोचल्यावर तीन महिन्यांनी मिळणार आहेत. कागदावर सारे ठीक दिसते. तरीही त्या रात्री कारखानदाराला झोप लागत नाही. ‘नको म्हणावे’ असे आतून वाटत राहते. का वाटते, ते मात्र सांगता येत नाही.

त्याने मनाचे ऐकावे की कागदाचे? मोठ्या कंपनीत अशा प्रसंगी अर्थविभाग असतो, सल्लागार असतात, बाजारपेठेच्या पाहणीचे अहवाल असतात. लघुउद्योजकाच्या बाबतीत मालक तोच, खरेदी पाहणारा तोच, विक्री करणारा तोच आणि वसुलीसाठी फेऱ्या मारणाराही तोच. त्याला बहुतेक निर्णय अपुऱ्या माहितीवर आणि थोडक्या वेळात घ्यावे लागतात. म्हणूनच ‘मनाचा कौल’ ही त्याच्या व्यवसायातील एक महत्त्वाची, पण कोणत्याही ताळेबंदात न दिसणारी गोष्ट आहे. हा कौल केव्हा मानावा, केव्हा तपासावा आणि केव्हा बाजूला ठेवावा, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

अंतःप्रेरणा म्हणजे काय?

अंतःप्रेरणा हा शब्द उच्चारताच काहीतरी गूढ, दैवी असे डोळ्यांसमोर येते. शास्त्रज्ञांनी मात्र तिचा उलगडा फार साध्या शब्दांत केला आहे. अर्थशास्त्राचे १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंचा अभ्यास केला होता. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंदच दाखवली, तरी कसलेला खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडू शकतो, असे त्यात दिसून आले. तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, की त्याची स्मरणशक्ती जवळपास नवशिक्याइतकीच ठरते. याचा अर्थ असा की, त्याची नजर तल्लख असते ती हजारो डाव पाहून झालेल्या ओळखीमुळे. सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे अशी ओळखच होय. पूर्वी पाहिलेले काहीतरी मन ओळखते आणि शब्द सापडण्याआधीच उत्तर देऊन मोकळे होते.

ही ओळख व्यवहारात पदोपदी भेटते. हलवाई साखरेच्या पाकाची तार दोन बोटांत धरून पाहतो आणि कढई केव्हा उतरवायची ते ठरवतो. कापड दुकानदार ताग्यावरून हात फिरवून सुताचा कस सांगतो. किराणा दुकानदार उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दोन वाक्यांवरून पैसे वेळेवर येतील की नाही, याचा अंदाज बांधतो. यांपैकी कोणालाही आपला नियम लिहून द्या म्हटले, तर ते जमणार नाही. आणि तरीही तो नियम त्यांच्यापाशी असतो.

तथापि, मनाचा प्रत्येक कौल विश्वासार्ह असतो असे नाही. अर्थशास्त्राचे २००२ चे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन हे मनाच्या फसगतींचे अभ्यासक होते, तर गॅरी क्लाइन हे अग्निशमन दलातील अनुभवी अधिकाऱ्यांच्या अचूक निर्णयांचे. दोघांची मते एकमेकांच्या विरुद्ध मानली जात. २००९ साली त्यांनी एकत्र लिहिलेल्या निबंधात दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. पहिली अट अशी की, ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा त्या क्षेत्रात काही नियमितपणा असावा. दुसरी अशी की, त्या माणसाला दीर्घकाळ सराव मिळालेला असावा आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला, हे वेळोवेळी समजत गेलेले असावे. या दोन अटी पूर्ण होत असतील तर मनाच्या कौलाला वजन द्यावे. होत नसतील तर देऊ नये. आपल्याला किती खात्री वाटते, याला मात्र पुरावा मानता येत नाही. चुकणाऱ्या माणसालाही तेवढीच खात्री वाटत असते.

चार पाकिटे पापड

या दोन अटी प्रत्यक्षात कशा दिसतात, हे पाहण्यासाठी मुंबईतील एका गच्चीवर जावे लागेल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतींमधील सात गुजराती गृहिणी गच्चीवर जमल्या आणि त्यांनी पापडांची चार पाकिटे तयार केली. भांडवल होते समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. तयार माल भुलेश्वरमधील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकला गेला. या सात जणींपैकी एक होत्या जसवंतीबेन जमनादास पोपट, ज्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. हाच आजच्या ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचा आरंभ होय.

या भगिनींनी पापडच का निवडले? त्यांच्यापैकी कोणाकडेही व्यापाराचे शिक्षण नव्हते. त्यांच्या हातांना मात्र पापड ठाऊक होता. पीठ किती घट्ट भिजवावे, लाटी केवढी घ्यावी, ऊन किती द्यावे, हे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या घरात केलेले होते. त्या कामातील चूक लपूनही राहत नसते. पापड जाड झाला तर भाजताना कच्चा राहतो, नीट वाळला नाही तर टिकत नाही, मीठ अधिक पडले तर पहिल्या घासालाच कळते. सराव दीर्घ आणि उत्तर तत्काळ, अशा दोन्ही अटी येथे पूर्ण होत होत्या. मनाचा कौल मानण्यास याहून योग्य जागा क्वचितच मिळेल.

याच भगिनींचा दुसरा एक अंदाज मात्र दुरुस्त करावा लागला. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड बनवत. एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकण्यासाठी. स्वस्त माल अधिक खपेल, असे वाटणे स्वाभाविकच होते. छगनबापांनी त्यांना सांगितले की, पापड एकाच दर्जाचा असावा आणि दर्जात कधीही तडजोड करू नये. त्याचबरोबर हा उद्योग धंदा म्हणून चालवावा आणि हिशेब चोख ठेवावेत, असाही त्यांचा आग्रह होता. पापड लाटण्याचे ज्ञान भगिनींकडे होते. बाजाराचे आणि वहीचे ज्ञान त्यांनी अनुभवी माणसाकडून घेतले. आपले मन कोणत्या विषयात जाणते आहे आणि कोणत्या विषयात नवखे आहे, हे ओळखता येणे ही उद्योजकाची पहिली कसोटी असते.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्यातही पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळवायला ऊन नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी पेटवायची, म्हणजे पावसातही काम चालू राहील. कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारी ही युक्ती चार महिने रिकाम्या बसलेल्या हातांना सुचली होती.

पुढे संस्था वाढली, तरी पहिल्या दिवसाचे ते शिक्षण तिने कामाच्या पद्धतीतच गुंफून ठेवले. पीठ केंद्रावर एकाच प्रमाणाने भिजवले जाते. भगिनी ते घरी नेतात आणि लाटलेले पापड केंद्रावर परत आणतात. तेथे वजन व दर्जा तपासला जातो आणि कामाचा मोबदला दिला जातो. प्रत्येकीला आपल्या कामाचे उत्तर असे लगोलग मिळते. अंदाज आणि त्याची परीक्षा यांतील अंतर जितके कमी, तितका हात लवकर तयार होतो, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

मन कोठे फसते?

लिज्जतचा इतिहास केवळ यशाचा नाही, म्हणूनच तो अधिक शिकवतो. १९६१ साली मुंबईच्याच मालाड भागात शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातमधील वालोड येथे उभी राहिली ती १९६८ साली. १९७९ च्या सुमारास चर्मोद्योग आणि आगपेट्या हे उपक्रमही हाती घेण्यात आले. त्यांत संस्थेला यश आले नाही. खाद्यपदार्थांत ज्या संस्थेचा हात बसला होता, तिलाही नव्या धंद्यात तेच यश मिळवता आले नाही. एका धंद्यात कमावलेला कौल दुसऱ्या धंद्यात आपोआप चालत नाही. किराणा दुकानात तीस वर्षे काढलेल्या माणसाला जमिनीच्या व्यवहारात ‘आतून’ जे वाटते, ते नवशिक्याचेच वाटणे असते. फक्त त्याच्या आवाजात तीस वर्षांचा आत्मविश्वास असतो, आणि धोका आहे तो नेमका तेथेच.

आणखी काही प्रसंगी मन हमखास दगा देते. दिवाळीच्या हंगामात माल हातोहात खपला, की पुढचे सहा महिनेही तसेच जातील असे वाटते आणि साठा गरजेपेक्षा अधिक भरला जातो. एखाद्या यंत्रात बरीच रक्कम गुंतली, की ते तोट्यात चालत असूनही ‘आता थोडेच राहिले आहे’ अशी आशा सुटत नाही. नात्यातल्या माणसाला उधार देताना ‘नाही’ म्हणण्याचा संकोच हाच विश्वास वाटू लागतो. शेजारच्या दुकानाची भरभराट पाहून जी उभारी येते, तिला प्रेरणा म्हणण्यापेक्षा ईर्षा म्हणणे अधिक योग्य होईल. भीती, लोभ, भीड आणि थकवा या चौघांचा आवाज अंतःप्रेरणेच्या आवाजासारखाच येतो. तो ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे रात्र जाऊ देणे. भूक, राग किंवा उत्साह ओसरल्यावर सकाळीही तोच कौल कायम राहिला, तर त्याचा विचार करावा.

स्फूर्ती वाट पाहत बसणाऱ्याला मिळत नाही

अंतःप्रेरणा जुने ओळखते. स्फूर्ती काही नवे सुचवते. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहॅम वॉलस यांनी १९२६ साली नवकल्पनेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पूर्वतयारी, मनात मुरणे, अचानक उमगणे आणि पडताळणी, अशा त्या पायऱ्या होत. लोकांच्या लक्षात राहते ती तिसरी पायरी, कारण गोष्ट सांगायला तीच रंगतदार असते. पहिल्या दोन पायऱ्यांवर मात्र महिने आणि वर्षे जातात, आणि चौथी टाळली तर पहिल्या तिन्ही वाया जातात.

तमिळनाडूतील कोइंबतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९८ च्या सुमारास, विवाहानंतर लवकरच, पत्नीला मासिक पाळीच्या दिवसांत जुन्या चिंध्या वापराव्या लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. बाजारातील सॅनिटरी पॅड घेतले तर घरखर्चाला कात्री लागत होती. एवढ्याशा वस्तूची किंमत इतकी असण्याचे कारण नाही, ती स्वस्तात बनवता येईल, हा त्यांच्या मनाचा कौल होता. त्यांनी कापसाचे पॅड बनवून पाहिले आणि ते अयशस्वी ठरले. पुन्हा बनवले, पुन्हा नापसंत झाले. आत कापूस नसून लाकडाच्या लगद्यापासून मिळणारा सेल्युलोजचा धागा असतो, हे कळायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तो लगदा वापरून पॅड तयार करणारे साधे आणि स्वस्त यंत्र त्यांनी त्यानंतर सिद्ध केले. अनेक राज्यांतील महिला बचत गटांनी त्या यंत्रावर आपले उद्योग उभे केले. २०१६ साली मुरुगानंतम यांना पद्मश्री मिळाली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. किंमत उतरवता येईल, हा त्यांचा कौल खरा ठरला. आत कापूस आहे, हा अंदाज खोटा निघाला. दोन्ही एकाच मनातून, सारख्याच खात्रीने आले होते. पडताळणी केली म्हणूनच खरे कोणते आणि खोटे कोणते, ते निवडता आले. प्रत्येक अपयशी नमुन्याने त्यांना काहीतरी सांगितले आणि प्रत्येक नमुना लहान व स्वस्त होता. पहिल्याच अंदाजावर मोठे कर्ज काढून कापसाच्या पॅडचा कारखाना उभारला असता, तर पुढची कथा घडली नसती.

वहीचा ताळा कसा घ्यावा?

मनाचा कौल तपासायला मोठ्या साधनांची गरज नसते. साधी नोंदवही पुरते. महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात : काय वाटते आणि काय घडेल असे वाटते. तीन महिन्यांनी त्याच पानावर जे घडले ते लिहावे. वर्षअखेरीस ही वही वाचली, की आपले मन खरेदीत खरे ठरते, माणसे पारखण्यात चुकते की त्याच्या उलट, हे स्वतःच्याच अक्षरांत दिसते. आठवणीवर विसंबू नये. खरे ठरलेले अंदाज मन जपून ठेवते आणि चुकलेले सोयीने विसरते.

नव्या कल्पनेसाठी दुसरा नियम असा की, प्रयोगाआधी तोट्याची मर्यादा ठरवावी. नवा पदार्थ, नवे गाव किंवा नवा पुरवठादार यावर किती रक्कम बुडाली तरी धंद्याला व घराला धक्का लागणार नाही, तो आकडा आधी लिहावा आणि प्रयोग त्याच्या आत बसवावा. तिसरा नियम म्हणजे, आपल्या मताशी सहमत नसलेल्या एका तरी जाणत्या माणसाला विचारावे. ‘हे फसले तर कशामुळे फसेल?’ हा प्रश्न त्याला अवश्य करावा.

आता आरंभीच्या गणवेश कारखानदाराकडे वळू या. समजा, सकाळी उठून तो वही उघडतो. सहा लाखांच्या मालासाठी कापड, मजुरी आणि वाहतूक मिळून ५,१०,००० रुपये खर्च आहे. नफा ९०,००० रुपये दिसतो. ही रक्कम कॅश क्रेडिटमधून उचलली आणि व्याज दर साल दर शेकडा १२ धरले, तर केवळ उधारीच्या तीन महिन्यांचे व्याज १५,३०० रुपये होते. नफा उरतो ७४,७०० रुपये. पैसे सहा महिन्यांनी आले, तर व्याज ३०,६०० आणि नफा ५९,४०० रुपये. येथवर व्यवहार फायद्याचाच आहे. मात्र बिलाचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड लाख रुपये बुडाले, तर तीन महिन्यांच्या व्याजासह ७५,३०० रुपयांचा निव्वळ तोटा होतो.

तो पुढचे पान उलटतो. कॅश क्रेडिटची मर्यादा आठ लाख, त्यातील दोन लाख आधीच उचललेले. म्हणजे हाती सहा लाख. त्यातून ५,१०,००० गेले की उरतात ९०,०००. आणि शाळा उघडण्याआधी, मे महिन्यात, जुन्या ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी तीन लाखांचे कापड घ्यायचे असते. रात्रीच्या अस्वस्थतेचे कारण येथे सापडते. व्यापारी लबाड आहे असे त्याच्या मनाने सांगितलेच नव्हते. दरवर्षीचा मे महिना मनाला पाठ होता आणि या वर्षी त्यात पैसा कमी पडणार, हे आकडेमोड होण्याआधीच मनाने ओळखले होते. कौल खरा होता. त्याचा अर्थ मात्र वहीने सांगितला.

कारण कळले की मार्गही दिसतो. निम्म्या मालाची मागणी स्वीकारावी आणि एक लाख रुपये आगाऊ मागावेत. खर्च २,५५,००० रुपये, त्यातून आगाऊ रक्कम वजा जाता स्वतःचे १,५५,००० रुपये गुंततील आणि हाती ४,४५,००० रुपये राहतील. जुन्या गिऱ्हाइकांचे कापड त्यातून सहज येईल. उधारीबाबत कायदाही त्याच्या बाजूस आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. यासाठी उद्यम नोंदणी केलेली असावी आणि मुदत लेखी ठरवून घ्यावी.

बँक अधिकाऱ्याचाही मनाचा कौल

हा विचार केवळ उद्योजकापुरता नाही. कर्जप्रस्ताव हाताळणाऱ्या अधिकाऱ्यालाही मनाचा कौल मिळत असतो. कारखान्याला भेट दिल्यावर साठ्याच्या पत्रकातील आकडा आणि गोदामातील धूळ यांचा मेळ बसत नाही, कारागीर मालकासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत, खात्यावरील उलाढाल सांगितलेल्या विक्रीशी जुळत नाही, अशा गोष्टी अनुभवी नजर क्षणात टिपते. ती जाणीव मोलाची आहे आणि अधिक चौकशी करण्यास ती पुरेशी आहे.

कर्ज नाकारण्यास मात्र ती एकटी पुरेशी नाही. अर्जदार महिला आहे, पहिल्या पिढीतील उद्योजक आहे, अडखळत बोलतो किंवा साधे कपडे घालतो, म्हणून मनात येणारी शंका ही पुष्कळदा अपरिचयाचीच शंका असते. शिवाय नाकारलेला अर्जदार पुढे यशस्वी झाला की नाही, हे अधिकाऱ्याला सहसा कळत नाही; म्हणजे कानेमन आणि क्लाइन यांची दुसरी अट येथे अपुरी पडते. यास्तव जे वाटले ते कारणासह लिहावे. कारण लिहिता आले तर तो अनुभव. लिहिता आले नाही तर आणखी एक भेट द्यावी, आणखी एक प्रश्न विचारावा. गिरगावच्या गच्चीवरील त्या सात भगिनींकडे तारण म्हणून दाखवण्याजोगे फारसे काही नव्हते. ऐंशी रुपये देणाऱ्याने त्यांचे काम पाहिले आणि त्यांना हिशेब ठेवायला लावले.

गणवेशाचा कारखानदार आपली लेखी अट घेऊन व्यापाऱ्याकडे जाईल. व्यापारी ती मान्य करील, किंवा दुसरा कारखाना शोधील. मान्य केली तर नवे गिऱ्हाईक मिळेल. न केली तर या हंगामाचा थोडा नफा हुकेल. पण जुनी गिऱ्हाइके, बारा कारागिरांची मजुरी आणि राहते घर सुरक्षित राहील. आणि वहीच्या एका पानावर तारखेसह दोन ओळी लिहिलेल्या असतील, ज्या पुढच्या एप्रिलमध्ये त्याला पुन्हा वाचता येतील.